जुन्या गाडीच्या स्टिअरिंगमधली टकटक: रॅक बदलण्याआधी काय तपासायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंजिनची ताकद पुढच्या चाकांना जाणारी, बारा-तेरा वर्षं वापरलेली गाडी, इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग. गाडी उभी असताना स्टिअरिंग डावीकडून उजवीकडे फिरवलं की ‘टक्’ होतं आणि तो ठोका हाताला जाणवतो. खराब रस्त्यावर हळू जातानाही तसंच होतं. लिंक रॉड (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या स्टॅबिलायझर बारला जोडणारे छोटे दांडे) बदलून झाले, फरक पडला नाही. आता रॅक (स्टिअरिंग फिरवलं की डावी-उजवीकडे सरकून चाकं वळवणारा दातेरी दांडा) बदलायचा सल्ला मिळालाय. बदलावा का?

आत्ता नाही. रॅक खराब असूही शकतो, पण तुम्ही सांगितलेली लक्षणं वाचून माझा पहिला संशय इंटरमीडिएट शाफ्टवर जातो. कॉलमचं (स्टिअरिंग व्हीलपासून खाली येणाऱ्या दांड्याचं) खालचं टोक आणि रॅकचा पिनियन (रॅकच्या दात्यांत फिरणारं छोटं दातेरी चाक) यांना जोडणारा हा छोटा दांडा. दोन्ही टोकांना त्याला क्रॉस, म्हणजे कोनातही फिरू देणारे सांधे, असतात. गॅरेजमध्ये याला बऱ्याचदा नुसतं ‘स्टिअरिंग जॉइंट’ म्हणतात. रॅक हा या सगळ्यात महाग आणि काढायला अवघड भाग आहे, आणि तो बदलल्यावरही टकटक तशीच राहिलेल्या गाड्या माझ्याकडे आलेल्या आहेत. म्हणून एवढं लांब लिहितोय.

एक गोष्ट आधी लक्षात घ्या. स्टिअरिंग व्हीलपासून चाकापर्यंत लोखंडाला लोखंड जोडलेलं असतं. खाली बॉल जॉइंटमध्ये (वाटीत गोळा फिरणाऱ्या सांध्यात) बसलेला ठोका शाफ्टमधून वर चढतो आणि डॅशबोर्डच्या मागून आल्यासारखा वाटतो. कॉलममधला आवाज पेडलच्या मागच्या पत्र्यावर घुमतो आणि चाकाजवळून आल्यासारखा वाटतो. नुसत्या कानावर विसंबून पार्ट बदलायला लागलं की एकामागून एक पार्ट बदलत जावं लागतं, तुमच्या लिंक रॉडचं झालं तसं. कान दिशा सांगतो, जागा हाताने शोधावी लागते.

पाना उचलण्याआधी दोन प्रश्न स्वतःला विचारा. पहिला: आवाज सुरू होण्याआधी गाडीचं शेवटचं काम काय झालं होतं? क्लचचं काम झालं असेल तर बऱ्याच गाड्यांत सबफ्रेम (पुढचं सस्पेन्शन आणि रॅक ज्यावर बसतात तो सांगाडा) खाली उतरवावी लागते, आणि तिचे बोल्ट नीट आवळले गेले नसतील तर वळताना आणि ब्रेक लावताना ‘धप्’ असा आवाज येतो. शॉक अॅब्सॉर्बर बदलले असतील तर वरच्या माउंटचा मधला नट ढिला राहिला असेल. टायरांची पुढे-मागे अदलाबदल करून घेतली असेल तर सगळ्यात आधी व्हील नट तपासा. हे फार साधं वाटेल, पण ढिल्या व्हील नटचा आवाज स्टिअरिंगमध्ये अगदी असाच येतो, आणि तो दुर्लक्षित राहिला तर चाक निखळून पडतं. पाच मिनिटांचं काम आहे, आजच करा.

दुसरा प्रश्न: आवाज नेमका कधी येतो? गाडी पूर्ण उभी, चाकं जमिनीवर, नुसतं स्टिअरिंग फिरवल्यावर येत असेल तर स्टिअरिंग व्हीलपासून चाकापर्यंतचे सगळे जोड किंवा शॉकचं वरचं माउंट बघायचं. सरळ जाताना फक्त खड्ड्यातच येत असेल आणि तळपायाला जाणवत असेल, हाताला नाही, तर लिंक रॉड, स्टॅबिलायझरचे बुश (रबरी आधार), लोअर आर्म (चाकाला खालून धरून ठेवणारा दांडा). ब्रेक लावल्यावर किंवा पुढे-मागे घेताना एकदाच ‘धप्’ होत असेल तर लोअर आर्मचा मागचा बुश किंवा सबफ्रेम. स्टिअरिंग पूर्ण वळवून अॅक्सिलरेटर दिल्यावर चाकाच्या वेगाबरोबर ‘कट-कट-कट’ वाढत असेल तर बाहेरचा सीव्ही जॉइंट, म्हणजे इंजिनची ताकद चाकाला देणाऱ्या दांड्याचा चाकाकडचा सांधा. त्याचं रबर फाटलेलं असतं आणि रिमच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालेलं दिसतं. खड्ड्यातून जाताना ब्रेक पेडलवर हलकासा पाय ठेवल्यावर आवाज बंद झाला तर ब्रेक पॅड किंवा कॅलिपरच्या पिना ढिल्या झाल्यात. तुमचा आवाज उभ्या गाडीत येतो आणि हाताला जाणवतो. यातल्या बऱ्याच गोष्टी इथेच बाजूला पडतात.

आता तपासणी. दोन माणसं हवीत. गाडी सपाट जागेवर, चाकं सरळ, हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रलमध्ये, मागच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे. चाकं जमिनीवरच हवीत, हे फार महत्त्वाचं आहे. पुष्कळ ठिकाणी गाडी लिफ्टवर उचलून चाकं हवेत ठेवतात, स्टिअरिंग हलवतात आणि ‘काही नाही’ म्हणून खाली उतरवतात. हवेतल्या चाकाला विरोधच नसतो, त्यामुळे जॉइंटवर जोर येत नाही आणि त्यातला प्ले, म्हणजे ढिलेपणा, लपून राहतो. टायर जमिनीला धरून असला की तो वळायला नकार देतो, सगळा जोर जॉइंटवर येतो आणि जो ढिला आहे तो बोलतो. खालून बघायचं असेल तर चाकं ज्यावर टेकलेली राहतात असा रॅम्प किंवा खड्डा वापरा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका.

किल्ली फिरवून स्टिअरिंग लॉक सोडा, इंजिन बंद ठेवा. मदतनीसाने स्टिअरिंग व्हीलची रिम मधल्या स्थितीपासून दोन्ही बाजूंना चार-पाच सेंटिमीटर, झटक्या-झटक्याने हलवत राहायचं. पूर्ण वळवायचं नाही, नुसतं हलवायचं. तुमच्या गाडीत स्टिअरिंगला मदत करणारी मोटर कॉलमवर असेल तर इंजिन बंद असताना जोर कमी पडतो आणि कधीकधी आवाज निघतच नाही. तसं झालं तर इंजिन चालू करून हीच कृती पुन्हा करा. इंजिन चालू असताना हात, बाही, केस, सगळं पंखा, बेल्ट आणि सायलेन्सरपासून लांब हवं.

शोध वरून खाली घ्या. स्टिअरिंग व्हील दोन्ही हातांनी धरून वर-खाली आणि स्वतःकडे-पुढे हलवून बघा. टिल्टची सोय असेल तर तिचा खटका घट्ट बसवून तपासा, नाहीतर टिल्टचाच प्ले हाताला लागेल. व्हील कॉलमसकट हलत असेल तर डॅशबोर्डखाली कॉलम धरून ठेवणारे बोल्ट ढिले आहेत. कॉलम जागेवर आणि व्हीलच डुगडुगत असेल तर कॉलमचं वरचं बेअरिंग गेलंय किंवा व्हीलचा मधला नट सैल आहे. व्हीलच्या आत एअरबॅगची गोल गुंडाळलेली वायर असते. ती खराब झाली तर घासल्यासारखा, सरसर आवाज येतो. ठोका देत नाही.

मग ड्रायव्हरच्या पायाजवळ वाकून पेडलच्या वरच्या बाजूला बघा. बहुतेक गाड्यांत कॉलमखालचा क्रॉस इथेच दिसतो. कधी त्यावर प्लास्टिकचं किंवा रबरचं झाकण असतं. क्रॉस म्हणजे अधिक चिन्हाच्या आकाराचा छोटा तुकडा. त्याच्या चार टोकांवर चार वाट्या, आणि प्रत्येक वाटीत सुईसारखे बारीक रोलर. दोन फाटे या तुकड्याला काटकोनात धरून असतात. एका बोटाचं टोक वरच्या फाट्यावर आणि दुसऱ्याचं खालच्या फाट्यावर ठेवा. मध्ये चिमटेल असं बोट घालू नका. मदतनीस रिम हलवत असताना दोन्ही फाटे एकदम हलायला हवेत. वरचा हलला आणि केसभर उशिराने खालचा हलला, आणि त्याच क्षणी बोटाला ‘टिक्’ लागलं, तर चोर सापडला. हा प्ले डोळ्यांना दिसेलच असं नाही, पण बोटाला नक्की कळतो.

खालचा क्रॉस पत्र्याच्या पलीकडे, इंजिनच्या बाजूला असतो. तिथे पाणी, चिखल, सायलेन्सरची उष्णता, सगळं सोसावं लागतं, म्हणून आधी तोच जातो. त्याच्या वाटीच्या कडेला टॉर्च मारून बघा. तांबूस, पिठासारखी बारीक भुकटी साचलेली दिसली तर आतलं ग्रीस संपून सुया कोरड्या लोखंडावर घासताहेत. चांगल्या क्रॉसच्या वाटीभोवती काळपट, तेलकट मळ असतो. लाल भुकटी नसते. या एका खुणेवर माझा फार विश्वास आहे.

क्रॉस ठीक वाटले तर शाफ्टचा मधला भाग तपासा. बऱ्याच शाफ्टमध्ये एक दांडा दुसऱ्यात सरकतो, म्हणजे इंजिन किंवा बॉडी हलली तरी लांबी जुळून येते. त्या सरकत्या स्प्लाइनवरचं (एकमेकांत बसणाऱ्या लांबट दात्यांवरचं) ग्रीस वाळलं की जरासा झोल तयार होतो आणि दिशा बदलताना तो ‘टक्’ करतो. दोन्ही टोकांच्या आवळ-बोल्टवरही हात फिरवा. एखादा बोल्ट ढिला असेल तर आवाज बरोबर असाच येतो, आणि तो प्रकार टकटकीपेक्षा फार गंभीर आहे. शाफ्ट पिनियनवरून निसटला तर स्टिअरिंग हातात नुसतं फिरत राहील. असा बोल्ट ढिला सापडला तर तो आवळेपर्यंत गाडी जागची हलवू नका. आवळतानाही तो पिनियनच्या खाचेतून आरपार गेलाय का ते बघा.

संशय पक्का करायचा सोपा उपाय आहे. गंज सोडवणारं स्प्रे तेल बारीक नळीने फक्त त्या क्रॉसवर मारा, स्टिअरिंग काही वेळा पूर्ण फिरवा आणि पुन्हा ऐका. आवाज बदलला किंवा काही काळ थांबला तर जागा तीच. हा इलाज नाही, ही फक्त चाचणी आहे. ते तेल पातळ असतं, थोड्या दिवसांत निघून जातं आणि उरलंसुरलं ग्रीसही धुऊन नेतं. सरकत्या स्प्लाइनचं मात्र वेगळं आहे. शाफ्ट काढून, जुनं ग्रीस पुसून, चांगलं घट्ट ग्रीस भरलं तर बऱ्याच गाड्या बराच काळ शांत राहतात. पण स्प्लाइनचे दाते झिजले असतील तर ग्रीस फक्त आवाज दाबतं, प्ले तसाच राहतो.

तुमची गाडी इलेक्ट्रिक स्टिअरिंगची असल्यामुळे मी शाफ्टवर इतका भर देतोय, त्याचं कारणही सांगतो. हायड्रॉलिक स्टिअरिंगमध्ये मदतीचा जोर थेट रॅकमध्ये तयार होतो. शाफ्टमधून फक्त तुमच्या हाताचा जोर जातो. कॉलमवर मोटर असलेल्या गाडीत मात्र तुमच्या हाताचा आणि मोटरचा, दोघांचा मिळून जोर त्या एवढ्याशा शाफ्टमधून आणि दोन क्रॉसमधून खाली जातो. उभ्या गाडीत चाकं वळवताना तर तो सर्वांत जास्त असतो. बारा वर्षं पार्किंगमध्ये असं वळवून क्रॉस झिजला नाही तरच नवल.

याच प्रकारच्या स्टिअरिंगमध्ये आणखी एक जागा आहे, आणि ती पुष्कळदा कोणी उघडूनच बघत नाही. मोटर आणि तिचा वर्म गिअर यांच्यामध्ये काही गाड्यांत रबर किंवा प्लास्टिकची छोटी चांदणीच्या आकाराची कपलिंग असते. उष्णतेने ती कडक होते आणि तिचे तुकडे पडतात. मग प्रत्येक वेळी मोटर दिशा बदलते तेव्हा मधली मोकळी जागा ‘कट्’ करते. क्रॉसमध्ये काहीच सापडलं नाही, आवाज डॅशबोर्डच्या आतूनच येतोय आणि मोटरच्या डब्यावर हात ठेवल्यावर ठोका तिथेच जाणवतोय, तर हा भाग तपासायला सांगा. त्यासाठी बहुतेकदा कॉलम उतरवावा लागतो, पण पार्ट अगदी लहान असतो. पूर्ण कॉलम बदलायला तयार होण्याआधी कपलिंग वेगळी मिळते का हे नक्की विचारा.

शॉकच्या वरच्या माउंटची तपासणी एका मिनिटाची आहे. बॉनेट उघडा, मदतनीसाला स्टिअरिंग हळूहळू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायला सांगा आणि चाकाच्या कमानीतून हात घालून स्प्रिंगवर तळवा टेकवा. बोटं स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये जाऊ देऊ नका. बेअरिंग चांगलं असेल तर स्प्रिंग चाकाबरोबर सावकाश फिरते. बेअरिंग अडकलेलं असेल तर स्प्रिंग आधी पीळ घेते आणि मग एकदम उसळी मारून सुटते. आवाजही ‘टक्’पेक्षा ‘टंग्’ असा, तार छेडल्यासारखा येतो. हे लक्षण असेल तर बेअरिंग आणि रबर माउंट दोन्ही एकदमच बदला, कारण दोन्हींसाठी स्प्रिंग दाबूनच काम करावं लागतं. स्प्रिंग दाबायचं काम योग्य साधन नसेल तर घरी करू नका. दाबलेली स्प्रिंग सुटली तर हाड मोडते.

आता चाकाकडचे जॉइंट. इथे मात्र चाक उचलावं लागतं: जॅकने उचला, मजबूत जागी स्टँड लावा, मग हात लावा. चाक डावी-उजवीकडे, म्हणजे घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी धरून हलवा. प्ले असेल तर टाय रॉड एंड (रॅकपासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचा चाकाकडचा सांधा) किंवा आतला रॅक एंड (त्याच दांड्याचा रॅककडचा सांधा). मदतनीस चाक हलवत असताना तुम्ही बाहेरच्या टाय रॉड एंडवर हात ठेवा. तिथे ठोका लागला नाही तर रॅकच्या टोकावरची रबरी घडीची पिशवी चिमटीत दाबून आतला जॉइंट चाचपा. मग चाक बारा आणि सहाच्या जागी धरून हलवा. इथला प्ले लोअर बॉल जॉइंटचा किंवा व्हील बेअरिंगचा. दोन्हीत फरक करायला मदतनीसाला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर प्ले गायब झाला तर बेअरिंग, तसाच राहिला तर बॉल जॉइंट. चाक लटकलेलं असताना बॉल जॉइंटचा प्ले दिसेल, ही गोष्ट मॅकफर्सन स्ट्रट (शॉक आणि स्प्रिंग एकाच खांबात) असलेल्या गाड्यांना लागू आहे. स्प्रिंग लोअर आर्मवर बसलेली असेल तर जॅक आर्मखाली लावून स्प्रिंगचा जोर काढा आणि मग तपासा, नाहीतर स्प्रिंगच जॉइंटला दाबून ठेवते.

बॉल जॉइंट किंवा टाय रॉड एंडमध्ये स्पष्ट प्ले सापडला तर पुढचा विचार करू नका, गाडी बाजूला लावा. क्रॉसची टकटक महिनोन्महिने कुरकुरत राहू शकते, पण बॉल जॉइंट निघाला की चाक आत दुमडतं आणि टाय रॉड एंड निघाला की एक चाक तुमचं ऐकायचं सोडून देतं. दोन्ही नेमके वळणावर किंवा खड्ड्यात होतात, कारण जोर तेव्हाच असतो. गाडी टोइंग करूनच गॅरेजला न्या.

रॅकबद्दल शेवटी लिहितोय, कारण त्याची पाळीही शेवटीच आली पाहिजे. त्यात तीन जागा आवाज करतात. एक, रॅकला सबफ्रेमवर धरून ठेवणारे रबरी बुश. खडूने रॅकच्या क्लॅम्पवरून सबफ्रेमपर्यंत सलग एक रेघ ओढा आणि मदतनीसाला रिम हलवू द्या. रेघेचे दोन तुकडे होऊन एकमेकांपासून सरकले तर अख्खा रॅक जागेवर डावी-उजवीकडे हलतोय. बुश बदलले किंवा बोल्ट नीट आवळले की काम झालं, रॅकला हात लावायचीही गरज नाही. दोन, पिनियनपासून लांबच्या टोकाला रॅकच्या आत असणारा बुश. तो झिजला की दांडा वर-खाली डुगडुगतो. रबरी पिशवी सोडवून दांडा हाताने वर-खाली हलवला तर कळतं. तीन, पिनियनच्या समोर रॅकला मागून दाबून धरणारा स्प्रिंगचा दट्ट्या. तो झिजला की खडबडीत रस्त्यावर दाते एकमेकांवर आपटतात आणि बारीक खडखडाट येतो.

हा दट्ट्या बाहेरून नटने आवळता येतो, आणि म्हणूनच तो सर्रास चुकीचा आवळला जातो. रॅकचे दाते मधल्या भागात सर्वांत जास्त झिजतात, कारण गाडी बहुतेक वेळ सरळच चालते. मधला प्ले घालवायला नट आवळला तर कडेच्या न झिजलेल्या दात्यांवर तो जाम होतो. वळण घेतल्यावर स्टिअरिंग आपोआप परत येत नाही, आणि वेगात असताना हे फार धोकादायक आहे. तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये नेमकी पद्धत दिलेली असते. ती हाताशी असेल तरच हात लावा. आधी नटच्या जागेवर रंगाची खूण करा, चेकनट (त्या नटला जागेवर जखडणारा दुसरा नट) सोडा, आणि एका वेळी घड्याळातल्या पाच मिनिटांएवढंच फिरवा. मग मोकळ्या मैदानात हळू वेगात दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा. कुठेही अडकलं किंवा परत येताना रेंगाळलं तर खुणेवर परत जा. तेवढ्यात आवाज गेला नाही तर आणखी आवळून जाणार नाही.

तुमच्या गाडीत शाफ्टच निघाला असं धरून कामाची पद्धत सांगतो. पुष्कळ गाड्यांत क्रॉसच्या वाट्या कडेने ठोकून कायमच्या बसवलेल्या असतात. त्या काढून नवा क्रॉस बसवणारे कारागीर आहेत, पण स्टिअरिंगच्या बाबतीत मी पूर्ण शाफ्ट बदलायच्या बाजूचा आहे. ठोकून बसवलेली वाटी उद्या सरकली तर तिला थांबवणारं काही नसतं.

चाकं अगदी सरळ, स्टिअरिंग सरळ. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि एअरबॅगसाठी मॅन्युअलमध्ये सांगितलाय तेवढा वेळ थांबा. स्टिअरिंग व्हील सीट बेल्टने किंवा दोरीने घट्ट बांधून टाका. शाफ्ट सुटल्यावर व्हील मोकळं फिरतं, आणि एखाद्या फेरीने जास्त फिरलं की आतली गुंडाळलेली एअरबॅगची वायर तुटते. मग आवाज गेलेला असतो, पण एअरबॅगचा दिवा लागलेला असतो आणि हॉर्न वाजत नाही. मग कॉलम, शाफ्ट आणि पिनियन यांच्यावरून पांढऱ्या रंगाने सरळ रेघ ओढा. आवळ-बोल्ट नुसते सैल करून चालत नाही, पूर्ण बाहेर काढावे लागतात, कारण ते शाफ्टवरच्या खाचेतून आरपार गेलेले असतात. शाफ्ट अडकला असेल तर फाट्याची चीर चपट्या हत्याराने जराशी उघडा, थोडं तेल मारा, हलवत हलवत काढा. कॉलमवर हातोडीने ठोकू नका. कॉलम अपघातात दबून आखडावा म्हणून मुद्दाम तसा बनवलेला असतो, आणि त्यातच टॉर्क सेन्सर (हाताचा जोर मोजून मोटरला सांगणारा भाग) असतो. दोन्ही हातोडीने बिघडतात.

नवा शाफ्ट जुन्याशेजारी ठेवून लांबी आणि दोन्ही टोकांच्या फाट्यांची दिशा जुळते का ते बघा. फाटे एकमेकांच्या हिशोबात नसतील तर स्टिअरिंग एका फेरीत दोनदा जड आणि दोनदा हलकं लागतं. दोन तुकड्यांत येणाऱ्या शाफ्टमध्ये ही गडबड सहज होते. रेघा जुळवून बसवा. आवळ-बोल्ट हाताने शेवटपर्यंत आत जायला हवा. तो अडला तर शाफ्ट पूर्ण बसलेला नाही; जबरदस्तीने पान्याने आत ढकलू नका, शाफ्ट परत काढून बसवा. मॅन्युअलमध्ये नवा बोल्ट वापरायला सांगितला असेल तर नवाच वापरा, आणि टॉर्क रेंचने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) सांगितलेल्या आकड्यालाच आवळा. आवळून झाल्यावर बोल्टच्या डोक्यावरून फाट्यापर्यंत रंगाची एक रेघ ओढून ठेवा.

गाडी चालवल्यावर व्हील किंचित वाकडं दिसलं तर स्प्लाइन एखाद्या दात्याने चुकलंय. शाफ्ट पुन्हा सोडवून ते तिथेच सुधारा. टाय रॉड फिरवून किंवा व्हील काढून सरळ करण्याचा सोपा मार्ग घेऊ नका, कारण एअरबॅगची वायर आणि स्टिअरिंग अँगल सेन्सर यांचा मध्य तेवढ्याने हललेलाच राहतो. नुसता शाफ्ट बदलल्यावर व्हील अलाइनमेंटची गरज नसते. टाय रॉड एंड, लोअर आर्म किंवा स्ट्रट सोडला असेल तर मात्र अलाइनमेंट करावीच लागते. टाय रॉड एंड काढण्याआधी चेकनटची जागा आटे मोजून किंवा मापून लिहून ठेवा, म्हणजे अलाइनमेंटच्या ठिकाणापर्यंत गाडी सरळ नेता येईल. लोअर आर्म बदलला असेल तर त्याच्या रबरी बुशचे बोल्ट गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच शेवटचे आवळा. चाक लटकलेलं असताना आवळले तर गाडी खाली आल्याबरोबर रबर पिळलेलं राहतं आणि वर्षभराच्या आत फाटतं.

तुमची गाडी शिडीसारख्या चॅसिसची, रॅकऐवजी स्टिअरिंग बॉक्सची असती तर क्रम थोडा बदलला असता: आधी बॉक्सचे चॅसिसवरचे बोल्ट आणि त्यांच्या भोवती पत्र्याला गेलेले तडे, मग बॉक्सपासून चाकांपर्यंतचे दांडे, म्हणजे पिटमन आर्म, ड्रॅग लिंक, आयडलर आर्म, आणि बॉक्सवरचा अॅडजस्टिंग स्क्रू सर्वांत शेवटी. तपासायची पद्धत तीच, चाकं जमिनीवर आणि बोट जॉइंटवर.

सध्या तुम्ही एवढं करा: आज व्हील नट तपासा, सुट्टीच्या दिवशी एका माणसाला मदतीला घेऊन पेडलजवळच्या क्रॉसवर बोट ठेवा, आणि रॅम्प मिळाला की खालच्या क्रॉसवर. ठोका कुठे लागला ते गॅरेजला दाखवून मग काम द्या. शाफ्ट बदललात तर काही आठवडे गाडी चालवून झाल्यावर पुन्हा एकदा टॉर्च घेऊन पेडलखाली वाका आणि आवळ-बोल्टवर ओढलेली रंगाची रेघ अजून सलग आहे का ते बघा. ती तुटलेली दिसली तर बोल्ट फिरलाय. तो पुन्हा टॉर्क रेंचने आवळा आणि मगच गाडी बाहेर काढा.